गाल हुंगणाऱ्या बाई

आमच्या ड्रॉइंगच्या बाई मुलींचे गाल हुंगायच्या. नांदेडला ऑफिसात एकदा डबा खाता खाता मी हे सहज बोलून गेले, तर समोरच्या दोघींचे घास हातातच राहिले. मग पुढचं सगळं सांगणं आलं. बाईंबद्दल कुठूनही सुरुवात केली तरी ऐकणाऱ्याला त्या आधी वेड्याच वाटतात, म्हणून इथंही मी हुंगण्यापासूनच सुरू करते.

बाई व्हरांड्यात समोरून आल्या की आम्ही नववी-दहावीच्या मुली भिंतीला चिकटायचो. त्या एकीच्या हनुवटीला बोट लावायच्या, तोंड उजेडाकडं वळवायच्या, नाक गालाजवळ न्यायच्या आणि निकाल द्यायच्या. "लिंबू." "टूथपेस्ट." "थोरल्या बहिणीची क्रीम, अन् ती बी न विचारता." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तरी बाई मान्य करत नसत. "मग घरात कुणीतरी लावलंय, त्याचा वास लागलाय तुला," असं म्हणून पुढच्या मुलीकडं वळायच्या.

शाळा निलंग्याची. आम्ही बऱ्याच जणी आसपासच्या गावांतून एसटीनं यायचो, डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून. बाई मूळच्या देगलूरच्या. तिकडं मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच घरात नांदतात, त्यामुळं बाई प्रत्येक मुलीला "अम्मा" म्हणायच्या आणि चिडल्या की तेलुगूत काहीतरी पुटपुटायच्या. त्याचा अर्थ कुणालाच कळत नव्हता, तेव्हा त्या शिव्याच असणार असं आम्ही एकमतानं ठरवून टाकलं होतं. बाई एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही याच्या शाळेत बऱ्याच गोष्टी फिरत. बाईंनी त्या सगळ्या ऐकल्या होत्या आणि त्यातली जी त्यांना जास्त आवडली होती, ती त्या स्वतःच सांगायच्या. चेहऱ्याला पावडरचा कण नाही. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि बोटांच्या पेरांवर कुठला ना कुठला वाळलेला रंग. अशा बाईनं आम्हाला मेकअप शिकवला यावर आजही कुणी पटकन विश्वास ठेवत नाही.

शनिवारचा शेवटचा तास कार्यानुभवाचा असायचा. दुसऱ्या शाळांत त्या तासाला मेणबत्त्या करत, कागदी फुलं करत. बाईंनी हेडमास्तरांना सांगितलं की मी मुलींना तोंडाची निगा आणि रंगरंगोटी शिकवणार. हेडमास्तर भिडस्त माणूस. ते म्हणाले, "पालक काय म्हणतील, मॅडम?"

"पालकांच्याच कपाटातलं लावायल्यात पोरी, सर. चोरून लावायल्यात, ते उजेडात लावू द्या."

मेणबत्त्यांचं सामान कपाटात पडून राहिलं.

आम्हाला वाटलं होतं, पहिल्याच शनिवारी लिपस्टिक निघणार. निघाली ती पाण्याची बादली. कित्येक शनिवार आम्ही टाकीजवळ रांगेनं बसून नुसतं तोंड धुतलं. "घासू नको अम्मा, तवा न्हाई तो." "लिंबू पोह्यावर पिळायचं, गालावर न्हाई." "दाताचं दाताला लावा, फोडाला कामून?" एकीनं दुसरीचं काजळ वापरलं की बाई दोघींनाही तासभर उभं करायच्या आणि डोळे येण्यावर भाषण द्यायच्या. मग उन्हाच्या क्रीमचा धडा झाला. बाईंचं म्हणणं, ती क्रीम सावलीत बसणारीपेक्षा खुरपायला जाणारीला जास्त लागते. आमच्यातल्या एकीनं ते मनावर घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी सोयाबीन खुरपायला जाताना तोंडाला क्रीम फासली. तिचे वडील म्हणाले, "रानात चाललीस का नाटकात?" तिनं हे वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं बाईच हसल्या. पण "उद्या बी लाव," म्हणाल्या.

खरा तास सुरू झाला तो रंगांचा. बाईंकडं काचेचा एक तुकडा होता आणि फाउंडेशनच्या मोजक्या ट्यूबा. त्यातून प्रत्येक मुलीनं आपला स्वतःचा रंग मिसळून काढायचा, हनुवटीखाली लावायचा आणि तो दिसेनासा झाला तरच पास. गोरी, काळी, सावळी, निमगोरी हे शब्द वर्गात बंद होते. जी बोलेल तिनं सगळ्यांचे ब्रश धुवायचे. त्याऐवजी आपला रंग आपल्या आजूबाजूला कुठं दिसतो ते शोधून यायचं. एक चिंचोका घेऊन आली. एक कांद्याची वरची साल घेऊन आली. एकीनं गुळाच्या ढेपेचा तुकडा आणला आणि तास संपायच्या आत तो आम्ही खाल्ला. एक मुलगी मात्र काहीच न आणता रडत बसली. म्हणाली, माझा रंग फक्त तव्याच्या बुडाला सापडतो. बाईंनी तिचा हात धरला, शाळेमागच्या रानाच्या बांधावर नेलं, काळ्या मातीचा मूठभर गोळा पाण्यात भिजवला आणि तिच्या मनगटाशेजारी धरला.

"बघ. हिच्या एका बांधासाठी भाऊ भावाशी बोलत न्हाईत. कोर्टात चालल्यात लोकं. अन् तू रडायलीस."

ती मुलगी रडायची थांबली की नाही ते मला आठवत नाही, पण आम्ही सगळ्या जणी आपापल्या बांधांचा विचार करत परत आलो.

बाईंच्या या रंगप्रेमाला एक जुनं कारण होतं. बाईंनी हे काम हातात घ्यायच्या आधी गॅदरिंगला जो रंगवणारा यायचा, तो एकच गुलाबी पावडर सगळ्यांच्या तोंडाला थापायचा. फोटोत तोंडं सगळ्यांची सारखी आणि हात ज्याचे त्याचे. बाई तो फोटो दाखवून म्हणायच्या, "तोंड लातूरचं अन् मान शिरूरची, असं करू नका. एकाच गावच्या दिसा." शिरूर अनंतपाळच्या मुलींना हे बिलकूल आवडायचं नाही. त्यांनी तक्रार केली तेव्हापासून बाई "मान निलंग्याची" म्हणू लागल्या, मग आम्ही रुसलो.

त्यांच्यात खोट नव्हती असं नाही. जीभ फटकळ होती. कुणाच्या आईला काय बोलावं याचा पाचपोच नव्हता. ड्रॉइंग तर त्यांनी आम्हाला इतकं कमी शिकवलं की मला अजून सरळ हत्ती काढता येत नाही. आता त्या देगलूरला असतात, गुडघे दुखतात, पण फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय लावायलीस सध्या?" फोनवरून हुंगता येत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

आता माझी गोष्ट. दहावीच्या वर्षी माझा रंग मिसळायची पाळी आली. मी कितीही वेळा मिसळला तरी जुळेना. गालाला जुळला की मानेवर फिका दिसायचा, मानेला जुळला की गालावर डाग दिसायचा. बाई आल्या, त्यांनी स्वतः लावून पाहिलं आणि काच खाली ठेवली.

"अम्मा, गाल एकीचा अन् मान दुसरीची कामून?"

"काय माहीत, बाई."

त्यांनी हुंगून पाहिलं. वास काहीच नव्हता. मग त्यांनी मला खिडकीत नेलं आणि बराच वेळ गालाकडं बघत राहिल्या. गालावर लाल, बारीक शिरा दिसायला लागल्या होत्या. उन्हात गेलं की आग व्हायची. मला वाटायचं, गोरं होताना असं होतच असेल.

"काय लावतीस?"

मी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे मला माहीतच नव्हतं. लाल टोपणाची ती ट्यूब आमच्या घरात चुलीवरच्या कोनाड्यात असायची. वडील नायट्याला लावायचे, आई घामोळ्याला लावायची. मग काकूनं कुठूनतरी ऐकून आणलं की ती तोंडाला लावली तर पोरगी उजळते. आणि उजळायची खरोखर, तीच तर त्यातली मेख. दिवाळीपासून रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आई मला समोर बसवून स्वतःच्या बोटानं माझ्या गालांना ती ट्यूब चोळायची. माझी चुलत बहीण गोरी होती. आमच्या दोघींकडं एकदम बघून पाहुणे जे बोलायचे, ते ऐकून आईचा चेहरा उतरायचा. त्या ट्यूबमध्ये आईची सगळी काळजी भरलेली होती.

बाईंनी पुढच्या शनिवारी फर्मान काढलं, घरात तोंडाला जे लावता ते घेऊन या. टेबलावर डब्या, बाटल्या, वड्या जमा झाल्या आणि त्यांच्यामध्ये लाल टोपणंच टोपणं. वर्गातल्या निम्म्या मुली तरी नायट्याचं औषध गालाला लावत होत्या, आणि लावून देणाऱ्या सगळ्यांच्या आयाच होत्या. तासाला कधीही खुर्चीवर न बसणाऱ्या बाई त्या दिवशी खुर्चीवर बसल्या.

"हे सांगायचं काम माझं न्हाई, डॉक्टरचं हाय," एवढंच त्या म्हणाल्या. मग सगळ्यांच्या घरी निरोप गेले. माझे गाल जास्त बिघडले होते, म्हणून मला आणि आईला घेऊन त्या स्वतः लातूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं आल्या.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं समजावलं. या औषधानं कातडी पातळ होते. ते बंद केलं की सुरुवातीला चेहरा भडकेल, आहे त्यापेक्षा वाईट दिसेल, आणि मग हळूहळू, काही महिन्यांनी, बसेल. तोवर मी देईन त्याशिवाय काहीही लावायचं नाही, मेकअप तर नाहीच. आईनं मान डोलावली. पण येताना एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती, तेव्हाच मला कळलं की तिला यातलं एक अक्षर पटलेलं नाही.

आणि चेहरा भडकला. दोन्ही गाल लालभडक, त्यावर बारीक पुरळ, पाणी लागलं तरी झोंबायचं. शेजारीण दार वाजवायची तेव्हा आई मला आत पाठवायची. कोनाड्यातली ट्यूब कोनाड्यातच होती. बोटभर लावली की एका दिवसात सगळं निवेल हे आईलाही माहीत होतं आणि मलाही. दुपारी घरात कुणी नसलं की मी चुलीपाशी जाऊन उभी राहायची आणि परत यायची. शाळा मी बंद केली होती. गॅदरिंगचं निवेदन त्या वर्षी पहिल्यांदाच गावाकडून येणाऱ्या मुलीला, म्हणजे मला मिळालं होतं. तेही आता जाणार होतं. आईचं ठरलं होतं: परीक्षेपुरतं जायचं, बाकी घरात. आणि मला आतून वाटत होतं की असं एकदा घरात बसले की पुन्हा बाहेर निघणं काही खरं नाही.

एका रविवारी बाई मोपेडवरून आमच्या गावात आल्या. ओट्यावर बसल्या. आईनं चहा विचारला नाही. आमच्या घरी हे भांडणापेक्षा मोठं.

"तुम्ही बंद करायला लावली अन् लेकराचं हे झालं," आई म्हणाली.

मला वाटलं बाई डॉक्टरांचं नाव सांगतील. त्या म्हणाल्या, "हाव. मीच लावली."

"हिचं लगीन व्हायचं हाय अजून."

"दहावी व्हायची हाय त्याच्या आधी."

"परीक्षेला धाडते की. पण ते गॅदरिंग-बिदरिंग नगं. स्टेजवर हे तोंड घेऊन उभं राहायचं? लोकं म्हनतील काय रोग झालाय हिला."

फटकळ बाई आता काहीतरी लागेल असं बोलणार म्हणून मी दारामागं अंग चोरून उभी होते. पण बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बरं. बोलायचं राहू द्या. पण मला एक हात पाहिजे. सगळ्या पोरींची तोंडं रंगवायची, माझ्या एकटीच्यानं होत न्हाई आता. हिचा हात चांगला हाय. खोलीतच बसंल, स्कार्फ बांधून. रंग लावणारीकडं कोण बघतंय?"

आई म्हणाली, "मी संगं येईन. खोलीतच बसंन."

"या की. मलाबी सोबत होईल."

रंग लावणारीकडं कोण बघतं हे बाईंना चांगलं माहीत होतं. ते मला गॅदरिंगच्या दिवशी कळलं. सातवी-अ च्या वर्गात आरसे लावले होते. बाईंनी काच, ट्यूबा, ब्रश माझ्या पुढ्यात ठेवले, समोर एक स्टूल ठेवलं आणि स्वतः कोपऱ्यात जाऊन गजरे मोकळे करत बसल्या. "हात दुखायलाय," म्हणाल्या. त्यांचा हात काही दुखत नव्हता. आई दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

पहिली मुलगी स्टुलावर बसली. तिनं मान वर केली आणि तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर आलं. असं कुणाच्या इतकं समोर मी कित्येक दिवसांत गेले नव्हते. स्कार्फ डोळ्यांवर घसरून मला रंग नीट दिसेना आणि त्याचं टोक काचेवरच्या रंगात लोळायला लागलं. बाई कोपऱ्यातूनच म्हणाल्या, "त्या स्कार्फचे धागे रंगात पडायल्यात, अम्मा." मी स्कार्फ सोडला. समोरच्या मुलीनं माझ्या गालांकडं पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग पापण्यांना रंग लावायचा होता म्हणून डोळे मिटून घेतले. बस्स, एवढंच झालं.

त्यानंतर एकेक जण येत गेली. यायची, बघायची आणि डोळे मिटायची. माझ्या बोटांनी प्रत्येकीचा रंग शोधला, हनुवटीखाली लावून पाहिला, पुसला, पुन्हा लावला. तिसरी-चौथी मुलगी तीच होती, मातीच्या रंगाची. तिनंही ट्यूब बंद केली होती आणि तिच्याही कानाजवळ पुरळ होतं. तिनं विचारलं, "लई आग होती का गं? माझी तर रात्रभर व्हायली." मी म्हणाले, सकाळी जरा कमी असते. ती म्हणाली, माझंबी तसंच हाय. दोघी अगदी सासरचं सांगावं तशा बोलत बसलो, शेवटी बाई ओरडल्या की गर्दी वाढायलीय, आटपा. आई हे सगळं ऐकत होती.

नाचाच्या मुली झाल्या, नाटकाच्या झाल्या. बाहेर माईक तपासायला लागले. स्टूल रिकामं झालं तेव्हा आई उठली आणि त्याच्यावर येऊन बसली. आयुष्यात कुंकवापलीकडं काही न लावलेली माझी आई.

"मला बी कर जरा," ती म्हणाली.

बाईंनी एकदाच वर बघितलं आणि पुन्हा गजऱ्यात डोकं घातलं. मी रंग मिसळायला घेतला. आईचं तोंड इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी ती माझं बघायची, माझे डोळे मिटलेले असायचे. आता तिनं डोळे मिटले होते. मी तिच्या एका गालावर रंग टेकवत नेला, कानापर्यंत.

डोळे न उघडता तिनं विचारलं, "दुखतंय का गं तुला?"

इतक्या दिवसांत, लोक काय म्हणतील हे तिनं रोज विचारलं होतं. हे पहिल्यांदाच विचारलं.

"हाव," मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. माझ्या दोन्ही गालांकडं ती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी लावलेल्या रंगावरून खाली आलं, पण रंग फिसकटला नाही. तेवढ्यात मराठीच्या सरांनी दारातून डोकं आत घातलं. "निवेदन कोण करतंय? कुणीतरी चला लवकर." बाई गजरे खाली ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

बाकावरचा माझा स्कार्फ आईनं उचलला, घडी केली आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

"जा," ती म्हणाली. "बोलवायल्यात ना."

मी गेले. पहिली दोन वाक्यं कशी बोलले ते माहीत नाही. तिसऱ्या वाक्याला बायकांच्या रांगेत आई आणि बाई शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. आईचा एकच गाल झाला होता, दुसरा तसाच राहिला होता. स्टेजवरून मी पुन्हा पुन्हा बघितलं, पण कोणता गाल मी रंगवलेला आणि कोणता तिचा, ते मला ओळखता आलं नाही.